डोंगरउतारावर प्लॉट पाडण्याआधी जमीन कशी तपासावी?

कातळवाट

उतारावरच्या जमिनीच्या विकासात नेहमी दिसणारा क्रम असा: आधी आराखडा होतो, रस्ते आणि प्लॉट बसतात, आणि मग भूगर्भ अहवाल जोडायचा राहिलाय हे कुणाच्या तरी लक्षात येतं. तोवर कटिंग कुठे आणि भराव कुठे हे ठरून गेलेलं असतं. अहवालाकडून मग एवढीच अपेक्षा उरते, की आहे त्या आराखड्याला होकार द्यावा. हा क्रम उलटा करायला हवा. आधी जमीन वाचायची, कुठे हात लावायचा नाही ते नकाशावर आखायचं आणि उरलेल्या जागेत आराखडा बसवायचा. काय तपासायचं, किती खोल आणि कशानंतर काय, हे एका ठिकाणी यावं म्हणून हा धागा. प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी भर घालावी, चुकत असेल तिथे दुरुस्त करावं.

पहिला मुद्दा अभ्यासाच्या हद्दीचा. मालकीची हद्द आणि तपासणीची हद्द एक धरली की पुढचं सगळं काम चुकतं. तपासणी वर पाणलोटरेषेपर्यंत आणि खाली ओढ्याच्या पात्रापर्यंत जायला हवी. वरून दगड किंवा चिखल येऊ शकतो, खाली ओढा किंवा कुणाचं खोदकाम पायथा खात असू शकतं. सपाट जागा आहे म्हणून सुटलो असंही नाही. 22 मार्च 2014 रोजी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात ओसो इथे जी वस्ती गाडली गेली ती नदीच्या दुसऱ्या काठावर, सपाटीवर होती. समोरचा सुमारे 180 मीटर उंचीचा उतार सुटला, ढिगारा नदी ओलांडून एक किलोमीटरहून जास्त अंतर गेला आणि 43 माणसं गेली. तोच उतार 2006 मध्येही घसरला होता. त्या प्लॉटांच्या हद्दीत शंभर बोअर मारले असते तरी हा धोका दिसला नसता.

पुढचा क्रम ढोबळपणे असा: टेबलावरचा अभ्यास, पायी पाहणी, भूवैज्ञानिक नकाशा आणि छेद (जमीन उभी कापली तर थर कसे दिसतील त्याचं चित्र), खड्डे आणि बोअर, उपकरणं, प्रयोगशाळा, आणि सगळ्यात शेवटी स्थिरतेचं गणित. गणित शेवटी येतं हे मुद्दाम लिहितोय, कारण हल्ली सॉफ्टवेअर आधी उघडलं जातं.

नकाशावाला

टेबलावरच्या अभ्यासात लिडार (विमानातून लेसरनं केलेली जमिनीच्या उंचीची मोजणी) मिळत असेल तर सुरुवात तिथूनच करा. झाडं गाळून उरलेली नुसती जमीन हवी, एक मीटर किंवा त्याहून बारीक जाळीची. त्यावरून उंचसखलपणा सावल्यांनी दाखवणारं चित्र एकाच दिशेच्या उजेडात काढू नका. उजेडाला समांतर असलेली कड त्यात दिसतच नाही. निदान चार दिशांनी काढा, सोबत उताराच्या अंशांचा वेगळा नकाशा ठेवा.

जुनी घसरण कशी ओळखायची: वर घोड्याच्या नालेसारखी वळलेली कड, तिच्या खाली अचानक आलेली सपाटी, ती सपाटी डोंगराच्या बाजूला जराशी उलटी कललेली, कडेला पाणथळ डबकं, त्याखाली उंचसखल गाठीगाठींची जमीन, आणि पायथा ओढ्यात पुढे घुसल्यामुळे ओढ्यानं घेतलेलं वळण. आराखडा करणाऱ्याला नेमकी हीच सपाटी आवडते. डोंगरात आयती समतल जागा मिळाली म्हणून क्लबहाऊस किंवा मोठा प्लॉट तिथे बसतो, तोही बरेचदा घसरणीच्या डोक्यावर, म्हणजे वजन टाकायला सगळ्यात वाईट जागी.

वेगवेगळ्या दशकांतली हवाई छायाचित्रं जोडीनं लावून बघा. जमीन नांगरली जाण्याआधीचं, झाडं वाढण्याआधीचं चित्र सगळ्यात बोलकं असतं.

आणि एक विनंती. 1:50,000 चा संवेदनशीलता नकाशा (कुठे घसरणीची शक्यता किती ते रंगांनी दाखवणारा) प्लॉटला लावू नका. त्यावरच्या अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या रेषेखाली जमिनीवरचे 25 मीटर दडतात. 'हिरव्या पट्ट्यात येतं' याचा अर्थ तपासणी नको असा होत नाही. असा नकाशा विभागाचं नियोजन करण्यासाठी असतो. विकासासाठी 1:500 ते 1:1,000 वर स्वतंत्र नकाशा हवा, आणि त्यावर पाहिलेलं व अनुमान केलेलं वेगवेगळ्या रेषांनी दाखवलेलं हवं.

ओलावा

पायी पाहणीबद्दल. ती कोरड्या दिवसांत एकदा आणि जोराच्या पावसानंतर दोन-तीन दिवसांत एकदा करा. दुसऱ्या फेरीत पाझर कुठून फुटतो ते दिसतं. पाझरांची जागा समुद्रसपाटीपासूनच्या उंचीसकट नोंदवा. चार-पाच पाझर जवळपास एकाच उंचीवर रांगेनं आले, तर तिथे खाली पाणी अडवणारा थर आहे असं समजून पुढचे बोअर आखायचे. कोरड्या हंगामातही एकाच पट्ट्यात हिरवं गवत, लव्हाळं टिकून असेल तर ती पाझराचीच खूण.

वाकलेल्या झाडांवर फार विसंबू नये. बुंधा वाकण्याची कारणं अनेक असतात: बर्फाचा भार, उजेडाकडे झुकणं, मातीचं वरवरचं सरपटणं. त्यापेक्षा माणसानं सरळ बांधलेल्या गोष्टी बघा. कुंपणाची ओळ, दगडी बांध, विजेचे खांब, गटाराची कड, रस्त्याचा कठडा. एका रेषेत असायला हवी ती गोष्ट जिथे मोडते तिथे टेप लावून किती सरकली ते मोजा. भेग दिसली तर तिची रुंदी, खोली, दिशा आणि कुठली बाजू खाली बसलीय हे चारही लिहा. नुसतं 'भेगा आढळल्या' या नोंदीचा पुढच्या माणसाला काही उपयोग नसतो.

चौथा_थर

खड्डे आणि बोअर याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण पैसा इथेच वाचवला जातो आणि चूकही इथेच होते.

एका संशयित घसरणीसाठी घसरण्याच्या दिशेनं एका छेदरेषेवर निदान तीन बोअर: माथ्याला, मध्ये आणि पायथ्याला. खोली इमारतीच्या पायावरून ठरवायची नाही. संशयित प्रतल, म्हणजे ज्या पृष्ठावरून जमीन सरकते ते, जिथे आहे त्याच्या खाली पक्क्या, न हललेल्या थरात काही मीटर जाईपर्यंत खोदायचं. दहा मीटरचे बोअर मारून 'घसरण आढळली नाही' असं लिहिलेले अहवाल दिसतात. प्रतल चौदा मीटरवर असेल तर ते दिसणार कसं?

दुसरी चूक नमुन्यांची. एसपीटी (बोअरमध्ये हातोड्यानं नळा ठोकून घेतलेली चाचणी) दर दीड मीटरला घेतली तर तिचा नळा 45 सेंटीमीटर आत जातो. म्हणजे बोअरचा जवळपास 70 टक्के भाग कुणी बघितलेलाच नसतो. घसरणीचा चिकणमातीचा पट्टा पुष्कळदा दोन ते पाच सेंटीमीटर जाडीचा असतो. तो दोन चाचण्यांच्या मधून सहज निसटतो. म्हणून उतारावर सलग गाभा, म्हणजे थरांचा अखंड दंडगोल नमुना, काढायचा, शक्यतो ट्रिपल ट्यूब बॅरलनं (गाभा न विस्कटता वर आणणारी तीन नळ्यांची रचना). गाभ्याच्या पेटीत 30 सेंटीमीटर गाभा मिळालाच नाही अशी नोंद असेल, तर तीच जागा सगळ्यात संशयास्पद. मऊ पट्टा पाण्यासोबत वाहून गेलेला असतो. ड्रिलरला विचारा: त्या खोलीला पाणी परत येणं थांबलं का, रॉड एकदम खाली गेला का. ही माहिती लॉगवर (बोअरच्या नोंदपत्रकावर) क्वचित उतरते.

तिसरी: बोअर कातळाला लागला म्हणून थांबवणं. दरडीच्या जुन्या ढिगाऱ्यात घरातल्या खोलीएवढे धोंडे असतात. कातळात निदान तीन मीटर सलग गाभा मिळाल्याशिवाय तो मूळ खडक आहे असं लिहू नये. स्तरांचा कल शेजारच्या उघड्या खडकाशी जुळतो का तेही बघायचं. जुळला नाही तर तो खडक मूळ जागचा नाही.

खड्ड्यांचं महत्त्व वेगळंच आहे. तीन-चार मीटर खोल खड्ड्यात, आधार देऊन उतरल्यावर, भिंतीवरची बकेटनं सारवलेली माती आधी सुरीनं खरवडून काढा. मग पिवळट मुरमाखाली राखाडी चिकणमातीची बोटभर पट्टी दिसते. तिचं ढेकूळ दोन्ही हातांनी हळूच उकललं तर ते आपोआप एका पृष्ठावर सुटतं, आणि ते पृष्ठ मेणासारखं चकाकतं. त्यावर उताराच्या दिशेनं बारीक समांतर ओरखडे असतात. ते ओरखडे म्हणजे तिथली जमीन आधी सरकलेली आहे याचा पुरावा. कंपासनं त्यांची दिशा आणि कल मोजायचा, फोटो काढायचा, आणि प्रयोगशाळेसाठी नमुना नेमका त्याच पट्टीतून घ्यायचा, वरच्या किंवा खालच्या मुरमातून नाही.

रचनाकार

नगररचनेच्या बाजूनं एक प्रश्न. समोर येणाऱ्या अहवालात शेवटी एक आकडा असतो, समजा 'फॅक्टर ऑफ सेफ्टी 1.62, किमान 1.5, म्हणून सुरक्षित' (म्हणजे उतार धरून ठेवणारी ताकद भागिले खाली ओढणारा जोर; 1 च्या खाली गेला की उतार सुटतो). छाननी करणाऱ्यानं तो आकडा मान्य करण्याआधी काय विचारावं?

भारसंतुलन

@रचनाकार, चार प्रश्न विचारा: कोणती पाणीपातळी धरली, मातीची ताकद कुठून आली, छेद कुठला, आणि कोणत्या आकाराची प्रतलं तपासली.

पाण्याचं एक साधं उदाहरण हातानं करता येतं. कातळावर दोन मीटर मातीचा थर, उतार 26 अंश, मातीचा घर्षणकोन (कणांच्या घर्षणाचं माप) 34 अंश, कोहेजन (मातीचा चिकटपणा) 5 किलोपास्कल, एकक वजन 19 किलोन्यूटन प्रति घनमीटर. अनंत उताराचं सूत्र (उतार लांबवर एकसारखा धरून) लावलं तर कोरड्यात फॅक्टर येतो 1.72. पाणी अर्ध्या थरापर्यंत चढलं आणि उताराला समांतर वाहू लागलं की 1.36. थर पूर्ण भिजला की 1.00. माती तीच, उतार तोच. आणि ते 5 किलोपास्कल मुळांमुळे किंवा कोरडेपणामुळे दिसत असतील आणि झाडं तोडल्यावर गेले, तर भिजलेल्या अवस्थेत 0.67. आता बोअर कोरड्या हंगामात मारला, पाणी लागलं नाही आणि 'भूजल आढळले नाही' म्हणून कोरडा छेद धरला, तर 1.72 चा तो आकडा किती खरा? अहवालात तीन पाणीपातळ्यांचे तीन आकडे हवेत: मोजलेली, पावसाळ्यातली सर्वोच्च, आणि विकासानंतरची. तिसरी कुणी धरत नाही. बागांचं पाणी, शोषखड्डे, पोहण्याचा तलाव, गळकी पाइपलाइन, या सगळ्यांचं पाणी वर्षभर जमिनीत मुरत राहतं.

ताकदीबद्दल: जमीन एकदा सरकलेली असेल तर शिखर ताकद (न हललेल्या मातीची सर्वाधिक) वापरणं चूक आहे. अवशिष्ट ताकद (सरकून झाल्यावर उरलेली) वापरायची. चिकट चिकणमातीत शिखर कोन 22-24 अंश आणि अवशिष्ट 10-12 अंश हा फरक असाधारण नाही. त्यासाठी रिंग शिअर चाचणी (नमुना गोल फिरवत कापण्याची), किंवा डायरेक्ट शिअर (सरळ रेषेत कापण्याची) पुन्हा पुन्हा उलटसुलट फिरवून, तीही पाण्याचा दाब निघून जाईल इतक्या सावकाश. घाईनं केलेली चाचणी खोटी ताकद दाखवते. मग उलट गणित करून बघायचं: जुनी घसरण झाली त्या क्षणी फॅक्टर 1.0 होता असं धरून कोन काढायचा. प्रयोगशाळेचा कोन आणि हा कोन यांत मोठी तफावत असेल तर चुकीच्या थराचा नमुना गेलाय किंवा पाणीपातळी चुकलीय.

प्रतलाचा आकार: सॉफ्टवेअर न सांगता गोलाकार प्रतलं शोधतं. उताराच्या दिशेनं कललेला मऊ थर असेल तर घसरण त्या थरावरून सरळ जाते, गोल जात नाही. असं प्रतल मुद्दाम आखून तपासलेलं आहे का ते बघा. छेद सगळ्यात मोठ्या उताराच्या दिशेनं हवा, प्लॉटच्या बाजूला समांतर नको.

भूकंपप्रवण भागात निव्वळ सिस्मिक कोएफिशंटवर (भूकंपाच्या धक्क्याऐवजी धरलेला स्थिर आडवा जोर) न थांबता न्यूमार्क पद्धतीनं सरकण्याचं अंतर काढलेलं हवं. कॅलिफोर्नियाच्या मार्गदर्शिकेत 15 सेंटीमीटरपर्यंतचं गणिती अंतर गंभीर घसरणीचं मानत नाहीत, 1 मीटरच्या पुढचं मानतात. मधल्या पट्ट्यात तज्ज्ञाचा निर्णय लागतो.

कातळवाट

भारसंतुलन यांच्या शेवटच्या मुद्द्यांना जोडून. न्यूझीलंडमधल्या डनेडिनच्या ॲबट्सफर्ड उपनगरात 8 ऑगस्ट 1979 रोजी घरांसकट एक अखंड ठोकळा सुमारे 50 मीटर सरकला, 69 घरं गेली. तिथे थरांचा कल होता जेमतेम 7 अंश. 15 अंशांपेक्षा कमी उतार म्हणजे धोका नाही, असे नियम काही ठिकाणी लावतात, ते या एका उदाहरणापुढे टिकत नाहीत. चौकशीत कारणं निघाली ती या धाग्यात आलेलीच: खाली मऊ चिकणमातीचा थर, पायथ्याला पूर्वी काढलेली वाळू आणि वरच्या बाजूला गळणारी पाण्याची मुख्य वाहिनी.

पायाभरणी

हे सगळं मान्य, पण खर्च आणि वेळ बघता बहुतेक लहान प्रकल्पांत चांगली आरसीसी संरक्षक भिंत बांधली की प्रश्न सुटतो असा अनुभव आहे. प्रत्येक ठिकाणी तीन-तीन बोअर आणि रिंग शिअर मागणं व्यवहार्य नाही.

भारसंतुलन

@पायाभरणी, वरवरची माती आणि लहान कटिंग असेल तिथे भिंत योग्यच. पण भिंत कशाला पुरते आणि कशाला नाही ते आधी कळायला हवं, आणि त्यासाठीच बोअर लागतात. प्रतल 12 मीटर खोल असेल तर चार मीटरची भिंत त्या ठोकळ्यावर बसून त्याच्यासोबतच खाली जाते. उलट तिच्या पायासाठी पायथा खणला जातो, म्हणजे होता तो आधारही काढला जातो.

पाण्याचा हिशोब भिंतीलाही लागू आहे. चार मीटर भिंतीमागे निचऱ्याची साधारण वाळूमिश्रित माती असेल तर मातीचा दाब भिंतीच्या दर मीटर लांबीला सुमारे 51 किलोन्यूटन. निचरा तुंबून पाणी माथ्यापर्यंत चढलं की एकूण दाब 103. दुप्पट. भिंतीमागे गाळणी कापड आणि खडीचा उभा पट्टा, तळाला छिद्रांचा पाइप, आणि तो पाइप शेवटी उघड्यावर कुठे निघतो ते नकाशावर दाखवलेलं, हे नसेल तर ती भिंत निम्म्या भारासाठीच बांधली आहे असं समजा.

ला काँचिटाचं उदाहरण याच मुद्द्याचं आहे. 1995 मध्ये कॅलिफोर्नियातल्या त्या वस्तीवर दरड आली, नऊ घरं गेली. नंतर रस्ता मोकळा करण्यासाठी ढिगाऱ्याच्या पायथ्याशी भिंत बांधली. ती दरड अडवण्यासाठी नव्हतीच. 10 जानेवारी 2005 रोजी त्याच ढिगाऱ्याचा एक भाग पंधरा दिवसांच्या जोरदार पावसानंतर पुन्हा सुटला, भिंतीवरून गेला आणि दहा माणसं दगावली.

पायाभरणी

निचऱ्याचा आणि पायथ्याचा मुद्दा पटला. मग लहान प्रकल्पासाठी निदान किती करावं?

चौथा_थर

@पायाभरणी, मी असं ठरवेन. टेबलावरचा अभ्यास आणि भूवैज्ञानिकाची पायी पाहणी कुठल्याही आकाराच्या कामाला सुटत नाही, आणि ती सगळ्यात स्वस्त आहे. त्यात जुन्या घसरणीची खूण नाही, थरांचा कल डोंगराच्या आत आहे, पाझर नाहीत आणि कटिंग तीन मीटरच्या आत, तर चार-पाच खड्ड्यांवर काम भागू शकतं. यातलं एकही उत्तर उलटं आलं तर सलग गाभ्याचे बोअर आणि पिझोमीटर (जमिनीतल्या पाण्याचा दाब मोजणारं उपकरण). आणि उत्तर मिळालंच नाही तर ते उलटंच धरायचं.

भरावकर

आतापर्यंत नैसर्गिक उतारावर बरंच लिहून झालं. उतारावरचा भराव हा वेगळा धोका, आणि तो आपण स्वतः तयार करतो. हाँगकाँगमध्ये साउ माउ पिंग इथे 18 जून 1972 रोजी भरावाचा उतार कोसळून 71 माणसं गेली. 1976 मध्ये त्याच भागात पुन्हा भराव कोसळला आणि 18 गेली. माती ओतून दिलेली होती, नीट दाबलेली नव्हती. सैल भरावात मुसळधार पाऊस मुरला की तो क्षणात चिखल होऊन वाहतो. त्यानंतरच तिथे 1977 मध्ये उतारांवर नियंत्रण ठेवणारं स्वतंत्र सरकारी कार्यालय आलं.

करायचं कसं: मूळ उतार 5 आडवे, 1 उभा यापेक्षा चढा असेल तर भराव नुसता टेकवायचा नाही. वरची काळी माती, मुळं, सैल ढिगारा पूर्ण काढायचा. पायथ्याला पक्क्या थरात चर, निदान तीन मीटर रुंद आणि 60 सेंटीमीटर खोल, तळ डोंगराकडे किंचित कललेला. तिथून वर पायऱ्या कापत जायचं. प्रत्येक पायरीच्या आतल्या कोपऱ्यात जिथे ओल दिसेल तिथे खडी, गाळणी कापड आणि पाइपाचा निचरा. माती 20 ते 30 सेंटीमीटरच्या थरांत, योग्य ओलाव्यावर, मॉडिफाइड प्रॉक्टरच्या (माती दाबून तिची सर्वाधिक घनता काढण्याची प्रयोगशाळेतली चाचणी) निदान 90 टक्के घनतेला, आणि महत्त्वाच्या ठिकाणी 95. भरावाची कड रोलरला पूर्ण दाबता येत नाही, म्हणून थोडी जास्त रुंद भरून नंतर आत छाटायची. हे सोडलं की बाहेरचा मीटरभर भाग सैल राहतो आणि पहिल्याच पावसात तोच सुटतो.

पाझरावर भराव टाकायचा नाही, म्हणजे नाहीच. वेल्समधल्या ॲबरफानला खाणीच्या कचऱ्याचा ढीग झऱ्यांवर रचलेला होता. 21 ऑक्टोबर 1966 रोजी तो शाळेवर आला. 144 मृत्यू, त्यात 116 मुलं. झरे नकाशावर होते.

अजून एक गोष्ट जी मंजुरीच्या नकाशात हमखास निसटते: अर्धं घर कटिंगवर आणि अर्धं भरावावर. बसण्यातल्या फरकानं घर त्या रेषेवर तडकतं. कटिंगच्या बाजूचीही मीटरभर जमीन काढून तीच माती दाबून भरायची, म्हणजे पूर्ण पायाखाली सारखा थर येतो.

नकाशावाला

भरावकर यांच्या झऱ्यांच्या मुद्द्यावरून: नैसर्गिक घळीच आराखड्यात भरून टाकल्या जातात, कारण तिथे 'वाया जाणारी' जागा मिळते. घळीच्या डोक्याशी असलेल्या पसरट खोलगट भागात वर्षानुवर्षं माती साठत असते, आणि भूजलही तिथेच गोळा होतं. चिखल-दगडांचे लोंढे तिथूनच सुटतात. घळ जिथे सपाटीला उघडते तिथला पंख्यासारखा भाग म्हणजे आधीच्या लोंढ्यांचा साठा. त्यात खड्डा घेतला आणि लहानमोठे कोनेदार दगड चिखलात न निवडलेले, विखुरलेले दिसले तर ते लोंढ्यानं आणलेले. पाण्यानं आणलेले दगड आकारानुसार लागतात. असे साठे एकावर एक किती आहेत आणि मधे जुनी मातीची पातळी आहे का, यावरून लोंढा किती वेळा आला ते कळतं. अशा तोंडाशी घरं नकोत, आणि रस्त्यासाठी पाइप मोरी तर अजिबात नको. पहिल्या धोंड्यानं ती तुंबते आणि लोंढा रस्त्यावरून वळून नको तिथे जातो.

कातळवाट

दगड पडण्याबद्दल थोडक्यात. कड्याच्या पायथ्याला पडलेले दगड नकाशावर मांडा, सगळ्यात लांब गेलेला कुठे आहे ते बघा. पायथ्याच्या घसाऱ्याच्या (पडलेल्या दगडांच्या उतरत्या ढिगाच्या) माथ्यापासून त्या सगळ्यात लांबच्या दगडापर्यंतची रेषा आडव्याशी जो कोन करते तो बहुतेक ठिकाणी 27.5 अंशांच्या खाली जात नाही, असं 1993 मध्ये इव्हान्स आणि हंगर यांनी मांडलं. पहिल्या चाळणीसाठी ही रेषा पुरेशी आहे. रेषेच्या आत प्लॉट येत असेल तर खडकातल्या सांध्यांची (नैसर्गिक भेगांची) मोजणी आणि दगडांच्या वाटांचं गणित. जुने दगड शेतीसाठी किंवा बांधकामासाठी उचलले गेलेत का याची चौकशी करा, नाहीतर स्वच्छ जमीन बघून फसगत होते.

कटिंगमध्ये सांधा कटिंगच्याच दिशेनं कललेला, कटिंगपेक्षा कमी चढा आणि घर्षणकोनापेक्षा जास्त चढा असला की खडक सपाट सरकतो. दिशेतला फरक साधारण 20 अंशांच्या आत असेल तर धोका धरायचा. कटिंगची दिशा नुसती फिरवूनही हे टळतं, पण रस्त्याची आखणी पक्की झाली की फिरवता येत नाही. म्हणून तर वर क्रमाबद्दल लिहिलं.

रचनाकार

इमारतीपासून उताराच्या कडेपर्यंत सोडायचं अंतर याबद्दल? अमेरिकी नियमावलीतले आकडे बरेच जण वापरतात.

भारसंतुलन

@रचनाकार, तिथे वर चढणाऱ्या उताराच्या पायथ्यापासून उंचीच्या निम्मं, जास्तीत जास्त साधारण साडेचार मीटर, आणि खाली उतरणाऱ्या उताराच्या कडेपासून उंचीच्या एक तृतीयांश, जास्तीत जास्त 12 मीटर अशी अंतरं आहेत. ही अंतरं स्थिर उतारासाठी आहेत: वरवरची धूप, बारीक माती येणं, पायाला आडवा आधार मिळणं. घसरणीच्या जमिनीला ती लागू नाहीत. तिथे अंतर गणितातून काढायचं: ज्या प्रतलाचा फॅक्टर 1.5 येतो ते जमिनीला जिथे मिळतं त्याच्या मागे इमारत. ही रेषा प्रत्येक छेदावर काढून नकाशावर जोडली की बांधकामबंदीची हद्द मिळते. सक्रिय भ्रंश (भूकंपात जिच्यावरून जमीन सरकते ती खोल भेग) असेल तर वेगळं, तिथे आडवा चर खणून शेवटची हालचाल कधीची ते ठरवावं लागतं आणि त्या रेषेवर घर बसवता येतच नाही.

ओलावा

उपकरणांचं राहिलं. पिझोमीटर एकाच बोअरमध्ये पूर्ण लांबीला छिद्रं पाडून ठेवला तर तो सगळ्या थरांचं मिसळलेलं पाणी दाखवतो. चिकणमातीच्या वर अडकलेलं पाणी वेगळं आणि खालचं वेगळं. प्रत्येक थराला स्वतंत्र टोक, वर आणि खाली बेंटोनाइटचं (पाण्यानं फुगणाऱ्या चिकणमातीचं) बूच. निदान एक पूर्ण पावसाळा मोजायचं, शक्यतो रोज आपोआप नोंद होणारं, सोबत जागेवरच पर्जन्यमापक. महिन्यातून एकदा हातानं घेतलेल्या नोंदीत सर्वोच्च पातळी हमखास हुकते.

इनक्लिनोमीटर म्हणजे जमीन कुठल्या खोलीवर किती आडवी सरकते ते मोजणारं उपकरण. त्याचा नळ स्थिर थरात निदान तीन मीटर रुतलेला हवा, नाहीतर तळच सरकतो आणि सगळं ठीक दिसतं. ग्राउट पक्कं झाल्यावर मूळ वाचन दोनदा, दर अर्ध्या मीटरला, नळात सोडायचा प्रोब 180 अंश फिरवून दोन्ही बाजूंनी. दोन्हींची बेरीज खोलीभर जवळपास सारखी राहिली पाहिजे, ती भटकली तर ते वाचन टाकून पुन्हा घ्या. 25 मीटरच्या नळात साधारण 6 मिलिमीटरपर्यंतचा फरक उपकरणाचाच असू शकतो, म्हणून पहिल्या दोन-तीन मिलिमीटरवर निष्कर्ष काढू नका. पण एकाच खोलीवर, सलग वाचनांत, त्याच दिशेनं आलेखातलं टोक वाढत असेल तर कमी मिलिमीटरही पुरेसे.

भरावकर

काम सुरू असतानाचा धोका अहवालात वेगळा लिहून घ्या. तात्पुरतं कटिंग उघडं असतं, निचरा अजून बसलेला नसतो, तेव्हाच उतार सर्वात कमजोर असतो. पायथ्याचा चर जुन्या घसरणीजवळ असेल तर तो सलग खणायचा नाही. दोन-अडीच मीटरचे टप्पे पाडून एकाआड एक खणायचं, एक भरून दाबल्याशिवाय शेजारचा उघडायचा नाही. पावसाळ्यात हे काम बंद. आणि खणताना भूवैज्ञानिक जागेवर हवा, कारण खरा छेद तेव्हाच पहिल्यांदा दिसतो. कटिंगमध्ये अहवालात नसलेली चिकणमातीची पट्टी निघाली तर काम थांबवून गणित बदलायचं, हे कंत्राटात आधीच लिहिलेलं असावं.

रचनाकार

शेवटचं एक. प्लॉट विकले गेल्यावर हे पिझोमीटर आणि निचरा कोण बघणार, हे मंजुरीत कसं बांधावं?

ओलावा

@रचनाकार, मंजुरीच्या नकाशावर उतारात घातलेल्या, भूजल बाहेर काढणाऱ्या प्रत्येक आडव्या निचरा-पाइपाचं तोंड क्रमांकासह आणि अक्षांश-रेखांशासह दाखवा, आणि त्या तोंडापर्यंत माणूस पोचेल अशी पायवाट सामाईक जागेत ठेवा. एखाद्या प्लॉटच्या मागच्या अंगणात तोंड आलं की वर्षभरात त्यावर फरशी पडते. बांधकामबंदीची हद्द आणि शोषखड्डे-तलाव यांवरची बंदी प्रत्येक खरेदीच्या कागदात जायला हवी, नुसती मूळ मंजुरीत नको. निचरा-पाइप लोहजिवाणूंच्या नारिंगी लगद्यानं किंवा चुन्याच्या थरानं तुंबतात. पावसाळ्याआधी दाबाच्या पाण्यानं धुवायचे, आणि प्रत्येक पाइपातून मिनिटाला किती लिटर पाणी येतं ते बादली लावून मोजून त्याच्या क्रमांकापुढे लिहायचं. पाऊस मागच्याइतकाच आणि एखाद्या पाइपाचं पाणी एकदम कमी, तर त्याच दिवशी शेजारच्या पिझोमीटरची पातळी बघायची. ती वर गेली असेल तर पाइप तुंबलाय किंवा आत तुटलाय, आणि तुटला असेल तर जवळच्या इनक्लिनोमीटरचं वाचन पुढच्या महिन्यावर ढकलायचं नाही, त्याच आठवड्यात घ्यायचं.